स्वस्त संगणक आणि नवखा ग्राहक

२०२० सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. टाळेबंदी सैल झाली होती, शाळा-महाविद्यालये मात्र बंदच होती आणि वर्ग पडद्यावर भरत होते. आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी राहतात. त्यांची मुलगी त्या वर्षी अकरावीत गेली होती. घरात मोबाइल एकच, तोही गिऱ्हाइकांच्या निरोपांसाठी मावशींना लागणारा. तेव्हा बचत गटातून कर्ज काढून त्यांनी साडेचौदा हजारांचा नवा कोरा लॅपटॉप घेतला. तीन महिन्यांनी तो पिशवीत घालून त्या आमच्याकडे आल्या. यंत्र सुरू व्हायला पाच-सात मिनिटे घेत होते. वर्ग चालू असताना मुलीने दुसऱ्या खिडकीत टिपणे टंकायला घेतली की शिक्षकांचा आवाज तुटत होता. शिवाय जागा संपल्याची सूचना पडद्यावर रोज उगवत होती. जागा करण्यासाठी मुलीने आधी गाणी पुसली, मग घरचे फोटो पुसले. त्यांत वारलेल्या आजोबांचेही फोटो गेले. तरी सूचना जाईना. दुकानदाराकडे नेले, तर ‘तुम्हीच काहीतरी डाउनलोड केलं असेल’ असे उत्तर मिळाले. खुर्चीच्या कडेवर बसून मावशी अपराधी स्वरात म्हणाल्या, ‘‘दादा, आमचंच काहीतरी चुकत असणार. आम्हाला कुठं त्यातलं कळतंय?’’

त्यांचे काहीही चुकले नव्हते. त्या लॅपटॉपची साठवण अवघी ३२ जीबी होती, आणि ती चिप मुख्य पाटालाच जोडलेली असल्याने बदलता येण्यासारखी नव्हती. त्यातली निम्म्याहून अधिक जागा विंडोजने आणि कंपनीने आधीच भरून दिलेल्या आज्ञावलींनी व्यापलेली होती. उरलेल्या जागेत विंडोजला स्वतःची पुढची मोठी आवृत्ती उतरवून घ्यायची होती, आणि ती मावत नव्हती. ही अडचण मायक्रोसॉफ्टला ठाऊक नव्हती असे नाही. मे २०१९ च्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांवर सुमारे ७ जीबी जागा अशा कामासाठी राखून ठेवण्याची व्यवस्था त्या कंपनीने केलीच होती. परंतु मुळात ३२ जीबी, त्यातून विंडोज वजा, त्यातून राखीव जागा वजा, असा हिशेब केल्यावर वापरणाऱ्याच्या वाट्याला काय उरते, हे खोक्यावर कोणी छापत नाही. आजोबांचे फोटो पुसून मुलीने मोकळी केलेली जागा यंत्राने स्वतःसाठीच वापरून टाकली होती.

यंत्र दुबळे होते याचे आम्हाला नवल वाटले नाही. त्या किमतीत दुसरे काय मिळणार? मावशींचे ते वाक्य मात्र पुष्कळ दिवस मनातून जाईना. नवख्या ग्राहकाला स्वस्त संगणक विकण्याच्या व्यवहारातली खरी हानी त्या वाक्यात आहे, असे आमचे मत झाले आहे. पैसे वाया जाणे हे नुकसान मोठे खरेच, पण ते मोजता तरी येते. यंत्राचा दोष माणूस स्वतःच्या बुद्धीच्या खाती टाकतो, हे दुसरे नुकसान कोणत्याही पावतीवर दिसत नाही आणि ते कर्ज फिटल्यावरही उरते.

असे का व्हावे? याच मावशी शिलाई यंत्र घेताना कोणाला फसायच्या नाहीत. त्या चाक हाताने फिरवून पाहतील, आवाज ऐकतील, जाड कापडाच्या दोन घड्यांवर टीप घालून टाका उसवतो का ते बघतील. भाव पटला नाही तर उठून जातील. दोन पैशांचे मडकेही वाजवून घ्यावे, हे आपल्याकडचे जुने शहाणपण आहे. पण मडके वाजवून घ्यायचे तर चांगल्या मडक्याचा नाद कसा असतो, हे आधी कानाला ठाऊक असावे लागते. पहिला संगणक घेणाऱ्याच्या कानात असा कोणताच नाद नसतो. दुकानातले प्रत्येक यंत्र त्याच्या दृष्टीने सारखेच चकचकीत असते. त्यातले जे सर्वांत स्वस्त ते शहाणपणाचे, असा निष्कर्ष तो काढतो. आणि त्याला जेवढे ठाऊक आहे तेवढ्यावरून तो निष्कर्ष मुळीच मूर्खपणाचा नाही.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला मालाचे खरे स्वरूप ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा चांगला माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो आणि भिकार माल उरतो, असे त्याचे सार. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकातील त्यांचा वाटा याच विचाराबद्दल होता. स्वस्त संगणकांच्या बाजाराला हे सूत्र लावून पाहावे. एखाद्या उत्पादकाने पाचशे रुपये अधिक खर्चून दुप्पट रॅम घातली, तर नवख्या ग्राहकाला तो फरक दुकानात दिसत नाही, किमतीतला फरक मात्र दिसतो. साहजिकच शहाणा उत्पादक हार खातो. मग काटछाट सुरू होते आणि ती नेमकी जिथे दिसत नाही तिथे होते. झाकणाचा रंग कायम राहतो, पडद्याचे इंच कायम राहतात. रॅम घटते, साठवण घटते, बिजागरी हलकी होते, पुढे काही वाढवण्याची सोय काढून टाकली जाते. किंमत कमी करताना काय कापायचे हे ठरवणारा माणूस आणि त्या कापण्याचे फळ भोगणारा माणूस यांची गाठ कधीच पडत नाही.

येथे कोणी म्हणेल की, स्वस्त यंत्र म्हटले की हे चालायचेच. आम्हाला तसे वाटत नाही, आणि त्यासाठी थोडे मागे जाऊन इंग्लंडातले एक उदाहरण देतो. १९८१ सालच्या मार्चमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स ८१ नावाचा संगणक बाजारात आणला. तयार यंत्राची किंमत ६९ पौंड ९५ पेन्स, आणि सुटे भाग घेऊन स्वतः जोडणाऱ्याला ४९ पौंड ९५ पेन्स. डब्ल्यू. एच. स्मिथ या वृत्तपत्रे आणि वह्या-पेन्सिली विकणाऱ्या दुकानांतून तो मिळू लागला. ग्राहक बहुतेक सारे नवखेच होते. यंत्र म्हणाल तर दरिद्री. स्मृती एक केबी, रंग नाही, आवाज नाही, पडदा म्हणून घरचा दूरदर्शन संच, साठवण म्हणून गाण्यांची कॅसेट. वेगाने गणित करायला सांगितले तर गणित संपेपर्यंत चित्र नाहीसे होई. जादा स्मृतीची डबी मागे लावावी, तर तिला धक्का लागताच सगळे काम पुसले जाई. तरीही ते यंत्र पंधरा लाखांच्या वर विकले गेले आणि इंग्लंडातल्या एका पिढीने त्यावर आज्ञावली लिहिण्याचे धडे गिरवले.

हे कशामुळे झाले? आमच्या मते त्याचे मोठे श्रेय यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तकाला आहे. स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेली ती पुस्तिका वाचकाला काहीही येत नाही असे धरून चालते आणि त्याला टप्प्याटप्प्याने पुढे नेते. यंत्राला काय जमते आणि काय जमत नाही, दोन्ही त्यात कळत जाते. चित्र नाहीसे झाले तर ते का झाले, हे वापरणाऱ्याला ठाऊक होते. त्यामुळे ‘माझे काय चुकले’ हा प्रश्न त्याला खात बसला नाही. ते यंत्र गरीब होते, पण त्याने आपली गरिबी लपवली नव्हती.

याउलट अनुभव आपल्याकडे पुढे आला. २००४-०५ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने विकसनशील देशांतल्या नव्या ग्राहकांसाठी विंडोज एक्सपीची ‘स्टार्टर’ आवृत्ती काढली. भारतात ती २००५ साली हिंदीत आली. तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्राम उघडता येत. चौथा उघडू गेल्यास नकार मिळे. हा नकार यंत्राच्या अशक्तपणामुळे नव्हता. तो धोरण म्हणून घातलेला होता, जेणेकरून महागड्या आवृत्तीचा खप घटू नये. पुढे छोट्या नेटबुकांबरोबर येणाऱ्या विंडोज ७ च्या स्टार्टर आवृत्तीत तीन प्रोग्रामांची अट २००९ साली प्रकाशनापूर्वीच वगळण्यात आली. पण पडद्यामागचे चित्र बदलण्याची मुभा काही त्या आवृत्तीत नव्हती. आयुष्यातला पहिला संगणक घेणारा माणूस सर्वप्रथम काय करतो? पडद्यावर आपल्या मुलाचा किंवा देवाचा फोटो लावतो. त्याला तेवढेही करता येऊ नये आणि ते का करता येत नाही हेही कळू नये, ही स्वस्ताईची कोणती तऱ्हा? ‘नवशिक्यांसाठी’ या शब्दाआड ‘कमी पैसे देणाऱ्यांसाठी’ हा अर्थ दडवणे आम्हाला आक्षेपार्ह वाटते.

सद्हेतूने केलेल्या प्रयत्नांचीही गत फार वेगळी झाली नाही, हे येथे सांगायला हवे. निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ साली शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. त्या यंत्राची बांधणी खरोखर विचारपूर्वक केलेली होती. भर उन्हात वाचता येईल असा पडदा त्याला होता. भारतातला त्याचा पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या खैरात या वाडीवजा गावातील एकशिक्षकी शाळेत झाला. तिथे शिक्षकांसकट सगळी शाळा सोबतीला होती. परंतु किंमत शंभर डॉलरवर कधी उतरलीच नाही. पेरू देशात ही यंत्रे लाखोंनी वाटली गेली, तेव्हा आंतर-अमेरिकी विकास बँकेने ३१९ ग्रामीण शाळांच्या आधारे केलेल्या पाहणीत मुलांच्या गणितात वा भाषेत फरक आढळला नाही; हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. यंत्र पोहोचले, शिकवणारा पोहोचला नाही. मग आपल्या केंद्र सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ नावाची पाटी आणली. सरकारला ती सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होती. तिचा प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी, आणि पडदा असा की बोट जोराने दाबल्याखेरीज स्पर्श उमटू नये. जगातली सर्वांत स्वस्त टॅब्लेट म्हणून तिचा गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी सुधारित आवृत्ती आणावी लागली. किमतीचा आकडा आधी जाहीर करायचा आणि त्यात बसेल तेवढे यंत्र मागाहून शोधायचे, या उलट्या क्रमाचा तो परिणाम होता.

या सगळ्यात आमच्या आठवणीतला एक माणूस आम्हाला वेगळा वाटतो. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे आपल्या मध्यमवर्गीय घरांतला पहिला संगणक बहुधा ‘असेंबल्ड’ असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कोणी ओळखीचा तरुण तो जोडून देई. तो तरुण काही संत नव्हता. विंडोजची प्रत बहुतेक वेळा चोरीचीच असायची आणि रॅमच्या भावात त्याची कमाई असायची. पण तो यंत्र घेऊन घरी येई, चहा घेई, सगळे जोडून चालू करून दाखवी आणि आठवड्याने बिघाड झाल्यावर पुन्हा येई. ‘काका, याच्यावर मुलांचे नवे खेळ चालणार नाहीत हं, पुढच्या वर्षी रॅम टाकू,’ असे तो आधीच सांगून ठेवी. व्हिकर्सच्या पुस्तिकेचे काम आपल्याकडे हा माणूस करत होता. २००१ पासून सुरू झालेल्या एमएस-सीआयटीच्या वर्गांनीही ते काम काही अंशी केले. तिथे शिकलेल्या माणसाला निदान प्रश्न विचारायचे शब्द मिळाले. सीलबंद खोक्यातला लॅपटॉप आला आणि हा मधला माणूस गेला. किंमत उतरली त्यात त्याची मजुरीही वजा झाली, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

कायद्याची बाजूही पाहू. आपल्या १९३० च्या माल विक्री अधिनियमाचे १६ वे कलम मोठे वाचनीय आहे. माल आपणहून पारखून घेणे हे ग्राहकाचे काम, हे त्यातले मूळ तत्त्व. पण ग्राहकाने आपली गरज दुकानदाराला सांगितली असेल, तो दुकानदाराच्या जाणतेपणावर विसंबला असेल आणि तसा माल विकणे हा दुकानदाराचा नित्याचा धंदा असेल, तर माल त्या गरजेला पुरेसा असला पाहिजे, ही अट न बोलताच सौद्यात धरली जाते. मावशींनी ‘मुलीच्या ऑनलाइन वर्गासाठी हवा’ असे स्पष्ट सांगितले होते. परंतु याच कलमात एक परंतुकही आहे. विशिष्ट वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागून घेतली, तर ही अट लागू होत नाही. आणि आज संगणक नावानेच विकला जातो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ साली नव्याने झाला, २० जुलै २०२० पासून अमलात आला, आणि दाद मागणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले हे खरे. मात्र दाद मागण्यासाठी वस्तूत दोष आहे असे आधी ग्राहकाला वाटावे लागते. ‘आमचंच काहीतरी चुकत असणार’ म्हणणारा ग्राहक आयोगाच्या दारापर्यंत जातच नाही.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. ‘तुमच्या घरी चांगली यंत्रे आहेत, गरिबाने मात्र पुरेसे पैसे साठेपर्यंत थांबावे, असे तुमचे म्हणणे. काहीच नसण्यापेक्षा दुबळे यंत्र बरे नव्हे काय?’ पुष्कळदा बरे असते, हे आम्ही मान्य करतो. २०२० साली ज्या मुलीला वर्ग अर्धामुर्धा ऐकू आला, ती अजिबात न ऐकू आलेल्या मुलीपेक्षा सुदैवीच म्हणायची. स्वस्त यंत्रे निघू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. गरिबाला स्वस्त माल मिळण्याचा जसा हक्क आहे, तसाच तो माल स्वस्त का आहे हे ऐकण्याचाही आहे. श्रीमंताला चुकीचे यंत्र मिळाले तर तो दुसरे घेतो. ज्याच्या घरात पुढची पाच वर्षे दुसरे येणार नाही, त्याला पहिल्याच वेळी खरे सांगण्याची गरज कितीतरी अधिक आहे. प्रत्यक्षात उलटेच घडते. महागड्या यंत्रासोबत सल्ला, घरपोच दुरुस्ती, मुदतवाढ सगळे येते. स्वस्तासोबत फक्त खोके येते.

दुसरा आक्षेप दुकानदाराचा. ‘या मालावर आम्हाला सुटते किती? त्यात तासभर समजावत बसायचे?’ त्याचेही खोटे नाही. म्हणूनच आम्ही मोठ्या सुधारणा सुचवत नाही. दुकानदाराने दोन प्रश्न विचारावेत: यावर काय करणार, आणि किती वर्षे वापरणार? यंत्र त्यात बसत नसेल तर तसे तोंडाने सांगावे. उत्पादकाने खोक्यावर एकूण जीबी छापतो त्याशेजारी वापरणाऱ्याला प्रत्यक्ष उरणारे जीबीही छापावेत, आणि पुढे काय वाढवता येईल, काय येणार नाही, हे मराठीत दोन ओळींत लिहावे. कार्यालयांतून परत आलेली जुनी पण धडधाकट यंत्रे अनेकदा त्याच किमतीत अधिक काम देतात, हेही ग्राहकाला कळावे. तिथेही पारदर्शकता हवीच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत अटींत बरीच जुनी यंत्रे बसत नाहीत. अशा यंत्रावर ते कसेबसे चढवून ‘एकदम लेटेस्ट’ म्हणून विकणे ही मावशींचीच कहाणी नव्याने लिहिणे आहे. त्याऐवजी त्यावर लिनक्स घालून, ते काय आहे हे सांगून आणि अर्धा तास शिकवून विकले, तर त्यात कमीपणा काही नाही.

आणि आपण, म्हणजे ज्यांना यातले थोडेबहुत कळते ते? आपल्यालाही आम्ही या व्यवहारातून सोडू इच्छित नाही. आपल्या घरी काम करणारी, आपले कपडे शिवणारी, आपल्या सोसायटीच्या फाटकावर बसणारी माणसे आपल्याला विचारतात, ‘कोणता घेऊ?’ तेव्हा आपण एक संकेतस्थळ सांगून मोकळे होतो. मावशींनी यंत्र घेण्यापूर्वी आम्हालाही एकदा विचारले होते. आम्ही घाईत होतो. ‘त्या बजेटमध्ये सगळे सारखेच असतात,’ असे आम्ही म्हणालो होतो. ते खोटे होते, आणि खोटे आहे हे आम्हाला ठाऊक होते.

त्या दिवशी आम्ही विंडोजची अद्यतने तात्पुरती थोपवली, अनावश्यक आज्ञावली काढल्या, मुलीची कामे एका छोट्या मेमरी कार्डावर हलवली. यंत्र बरे चालू लागले. वेगवान कधीच झाले नाही. पुसलेल्या फोटोंपैकी काही एका नातेवाइकाच्या फोनवर सापडले, आजोबांचा त्यातला एक. मग आम्ही मावशींना आणि मुलीला समोर बसवून त्या यंत्राचा पोट उघडल्यासारखा हिशेब मांडून दाखवला: एवढी जागा, त्यात एवढी विंडोजची, एवढी तुमची. मावशी लक्ष देऊन ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, ‘‘म्हणजे कापडच कमी दिलं होतं की! आम्ही उगाच शिलाईला नावं ठेवत बसलो.’’

२०२३ साली मुलगी पदवीच्या वर्गात गेली, तेव्हा त्यांनी जुने पण नीट तपासलेले दुसरे यंत्र घेतले. या वेळी आम्ही सोबत जातो म्हणालो, तर नको म्हणाल्या. पहिल्या दुकानात मुलीने विचारले की रॅम किती, ती वाढवता येते का, आणि विंडोज वगळून जागा किती उरते. तिथला माणूस वैतागला. तेव्हा मायलेकी उठल्या आणि शेजारच्या दुकानात गेल्या.